टॉमकॅटचं मॅनेजर पान उघडत नाही? आधी सर्व्हर काय सांगतोय ते वाचा

पुण्यातल्या लहान-मध्यम कंपन्यांत, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये आणि ग्रंथालयांत अजूनही बरंच काही अपाची टॉमकॅटवर, म्हणजे जावात लिहिलेली वेब अ‍ॅप्लिकेशन्स चालवणाऱ्या सर्व्हरवर, चालतं. प्रबंध आणि जुन्या प्रश्नपत्रिका ठेवायला वापरतात त्या डीस्पेसच्या बऱ्याच आवृत्त्या टॉमकॅटवरच बसवलेल्या असतात. ज्याने सर्व्हर लावून दिला तो माणूस नोकरी बदलून हिंजवडीला किंवा थेट बंगळुरूला गेलेला असतो. मग एक दिवस अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू करायची वेळ येते, नवा माणूस ब्राउझरमधून ही अ‍ॅप्लिकेशन्स सांभाळायचं मॅनेजर पान उघडायला जातो आणि अडतो.

तिथून पुढे जे होतं ते मला मनापासून खटकतं. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पाठवतं, त्या कुठल्यातरी फाइलमध्ये चिकटवल्या जातात, फायरवॉल बंद केली जाते, आयपीचं बंधन काढून टाकलं जातं आणि शेवटी पान उघडतं. नक्की कशामुळे उघडलं हे कुणालाच कळलेलं नसतं, आणि आता ते सगळ्या जगाला उघडतं. ज्या पानावरून कुणीही नवं अ‍ॅप्लिकेशन चढवू शकतो, म्हणजेच तुमच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकतो, ते पान असं मोकळं सोडणं फार महाग पडतं. खरं तर काहीही बदलण्याआधी सर्व्हर आपल्याला कुठे अडवलं ते स्वतःच सांगत असतो. तेवढं वाचून बाहेरून आत यायचं, आणि एका वेळी एकच बदल करायचा.

एक सूचना: फाइलींची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत करायची: बहुतेक छोट्या अक्षरांत, पण मेटा-इन्फ पूर्ण मोठ्या अक्षरांत आणि कॉन्फमधलं कॅटलिना फोल्डर मोठ्या सी ने.

पत्ता आणि ब्राउझर

टॉमकॅटचं नेहमीचं पोर्ट ८०८०. मॅनेजरचा पत्ता म्हणजे सर्व्हरचं नाव, कोलन, ८०८०, मग तिरकी रेघ, मॅनेजर, पुन्हा तिरकी रेघ, एचटीएमएल. होस्ट-मॅनेजर हे वेगळं पान आहे, त्याचे अधिकारही वेगळे. दोन्हींत गल्लत झाली तर पुढची सगळी शोधाशोध फुकट जाते.

‘सुरक्षित जोडणी करता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर बहुतेक वेळा ब्राउझरने एचटीटीपीचं आपणहून एचटीटीपीएस केलेलं असतं, आणि ८०८० वर एसएसएल नसतंच. यात एक बारीक खोच आहे. तुमच्या डोमेनवर एचएसटीएस (या नावाशी फक्त एचटीटीपीएसनेच बोल, अशी ब्राउझरला दिलेली सूचना) लावलं असेल तर ब्राउझर ते त्या नावाच्या सगळ्या पोर्टना लागू करतो. मुख्य संकेतस्थळ छान चालतं, पण त्याच नावाने ८०८० उघडायला गेलं की गाडी अडते. कॅश पुसून हे जात नाही. नावाऐवजी आयपी पत्ता टाकून बघा. उघडलं तर कारण सापडलं.

यापुढची प्रत्येक तपासणी ब्राउझरच्या खाजगी खिडकीत करा. एकदा दिलेलं नाव-पासवर्ड ब्राउझर बंद होईपर्यंत लक्षात ठेवतो आणि गुपचूप तेच पाठवत राहतो, त्यामुळे तुम्ही केलेली दुरुस्ती लागू झाली की नाही हेच कळत नाही.

पानच येत नाही

इथे दोन प्रकार आहेत. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं, तर तुम्ही मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. बराच वेळ चाक फिरून ‘टाइम आउट’ झालं, तर वाटेत फायरवॉल पाकीट गिळतेय किंवा आयपीच चुकीचा आहे. क्लाउडवरचा सर्व्हर असेल तर मशीनमधल्या फायरवॉलशिवाय क्लाउडच्या पॅनेलमध्ये आणखी एक फायरवॉल असते, ती लोक हमखास विसरतात.

रिफ्यूज्ड असेल तर सर्व्हरवर लॉगिन करून सिस्टिमसीटीएल या लिनक्सच्या कमांडने टॉमकॅटची स्थिती बघा. बंद असेल तर तो का बंद आहे हेही विचारा. पुण्यात बऱ्याच भागांत गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते. यूपीएस दोन तास टिकतो, मग मशीन बसतं. वीज आल्यावर मशीन उठतं, पण टॉमकॅट उठत नाही, कारण तो कुणीतरी कधीकाळी स्टार्टअप स्क्रिप्टने हाताने सुरू केलेला असतो. शुक्रवारी सकाळी ग्रंथालयातून फोन येतो, ‘सर, काल सगळं चालू होतं, आम्ही काहीच केलं नाही.’ आणि त्यांनी खरंच काही केलेलं नसतं. टॉमकॅट सर्व्हिस म्हणून बसवलेला असेल, तर सिस्टिमसीटीएल इनेबल एकदा चालवलं की हा प्रश्न सुटतो.

टॉमकॅट चालू दिसतोय तरी पोर्ट बंद असेल, तर ‘एसएस’ ही, कोणत्या पोर्टवर कोण ऐकतंय ते दाखवणारी, कमांड एल, टी, एन, पी या पर्यायांसह चालवा. ८०८० समोर १२७.०.०.१ दिसलं तर टॉमकॅट फक्त स्वतःच्या मशीनचं ऐकतोय. सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये कनेक्टरला अ‍ॅड्रेस लिहिलेला असतो. तो काढायची घाई करू नका, कुणीतरी विचार करूनच लिहिलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि बाहेरून येण्याचा चांगला रस्ता पुढे सांगतोच आहे. ८०८० समोर दुसऱ्याच प्रोसेसचं नाव दिसलं तर पोर्टची भांडणं आहेत. जेनकिन्स या सॉफ्टवेअरचं नेहमीचं पोर्टही ८०८० च, त्यामुळे एकाच मशीनवर दोन्ही असले की जो आधी उठेल त्याचं पोर्ट. अशा वेळी टॉमकॅटच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या फाइलमध्ये, ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ सापडतं.

नुकताच सुरू केलेला टॉमकॅट पान द्यायला कधीकधी मिनिटभर घेतो. लॉगमध्ये ‘सर्व्हर स्टार्टअप इन’ ही ओळ दिसेपर्यंत थांबा. लहान व्हर्च्युअल मशीनवर यादृच्छिक आकडे गोळा करण्यातच वेळ जातो आणि लॉगमध्ये ‘सिक्युअररँडम’ला किती मिलिसेकंद लागले ते लिहून येतं. अर्धवट उठलेल्या टॉमकॅटला पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करत बसण्यात काही हशील नाही.

४०४ आलं तर

टॉमकॅट उभा आहे, पण मॅनेजर अ‍ॅप्लिकेशन बसवलेलंच नाही. डेबियन आणि उबुंटूमध्ये ते वेगळ्या पॅकेजात येतं, नावाच्या शेवटी ‘अ‍ॅडमिन’ असतं. ते टाका, झालं. काही जण सुरक्षिततेसाठी वेबअ‍ॅप्सच्या फोल्डरमधून मॅनेजर मुद्दाम काढून टाकतात, तेव्हा परत टाकण्याआधी जबाबदार माणसाला विचारा.

विद्यार्थ्यांसाठी एक: एक्लिप्स या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमधून टॉमकॅट चालवला की एक्लिप्स स्वतःच्या वर्कस्पेसमध्ये त्याची वेगळी मांडणी करतं, त्यात मॅनेजर नसतो. म्हणून मुखपृष्ठही ४०४, मॅनेजरही ४०४. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हर लोकेशन’ बदलून मूळ टॉमकॅटचं इन्स्टॉलेशन निवडलं की दोन्ही दिसतात. तो पर्याय धूसर दिसत असेल तर आधी त्या सर्व्हरवरची प्रोजेक्टं काढून ‘क्लीन’ करावं लागतं.

४०१: पासवर्ड बरोबर आहे, तरी आत घेत नाही

सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे. मुळात टॉमकॅटमध्ये मॅनेजरसाठी कोणताही वापरकर्ता तयार नसतो. कॉन्फ फोल्डरमधल्या ‘टॉमकॅट-युझर्स डॉट एक्सएमएल’ या फाइलमध्ये तो आपण लिहायचा असतो.

पहिली गोष्ट, तुम्ही बदलताय ती फाइल चालू टॉमकॅटचीच आहे ना? एकाच मशीनवर ऑप्ट फोल्डरमध्ये हाताने उतरवलेला एक आणि पॅकेजातून आलेला दुसरा, असे दोन टॉमकॅट मी कितीतरी ठिकाणी पाहिलेत. पीएस कमांडने जावाची प्रोसेस बघा. तिच्या लांबलचक ओळीत ‘कॅटलिना डॉट बेस’ असं लिहून पुढे एक फोल्डर दिलेलं असतं. त्याच फोल्डरखालचं कॉन्फ खरं.

दुसरी, नमुन्याच्या ओळी शेऱ्याच्या खुणांमध्ये असतात. उद्गारचिन्ह आणि दोन आडव्या रेघांपासून पुढच्या दोन आडव्या रेघांपर्यंतचा सगळा मजकूर टॉमकॅट वाचतच नाही. लोक नेमकी आपली ओळ त्या दोन खुणांच्या मध्ये घालतात. फाइल छान दिसते, वापरकर्ता मात्र अस्तित्वातच नसतो.

तिसरी, अवतरणचिन्हं. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून ओळ चिकटवली की सरळ अवतरणांची वळणदार अवतरणं होतात. एक्सएमएलला ती चालत नाहीत, अख्खी फाइल नाकारली जाते आणि त्यातले सगळेच वापरकर्ते गायब होतात. लॉगमध्ये ‘सॅक्स पार्स एक्सेप्शन’ असं काही दिसलं की समजा, आणि सोबत दिलेला ओळीचा क्रमांक बघा. पासवर्डमध्ये अँडचं चिन्ह असेल तरी हाच प्रकार होतो. ते चिन्ह एक्सएमएलमध्ये सुटं लिहिता येत नाही, त्यापुढे ए, एम, पी ही अक्षरं आणि अर्धविराम जोडावा लागतो. त्यापेक्षा लांब, पण अक्षरं आणि आकडे यांचाच पासवर्ड ठेवा.

चौथी, परवानगी. रूट (मशीनचा मुख्य वापरकर्ता) म्हणून फाइल नव्याने तयार केली आणि फक्त रूटलाच वाचता येईल अशी राहिली, तर टॉमकॅट ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याला ती उघडता येत नाही. मालक रूट, गट टॉमकॅट आणि परवानगी ६४० (मालकाला लिहिता-वाचता, गटाला फक्त वाचता येईल अशी) हे ठीक. सगळ्यांना वाचता येईल असं करू नका, पासवर्ड त्यात उघडेच असतात.

आता पाचवी गोष्ट, जी फारच थोड्यांना माहीत असते. टॉमकॅट सलग पाच वेळा चुकलेल्या नावाला ३०० सेकंद कुलूप लावतो. या काळात तुम्ही अगदी बरोबर पासवर्ड दिला तरी नकारच मिळतो. आणि त्या काळात पुन्हा चुकीचा दिलात तर पाच मिनिटं नव्याने सुरू होतात. चिडून भराभर वेगवेगळे पासवर्ड टाकणारा माणूस त्यामुळे तासभर बाहेरच राहतो, आणि मधेच एकदा बरोबर टाकलेला पासवर्ड ‘हाही चुकीचा’ म्हणून खोडून टाकतो. लॉगमध्ये ‘लॉक्ड युझर’ असा इशारा दिसला तर हात आवरा, सहा-सात मिनिटं काहीही टाकू नका, किंवा टॉमकॅट रीस्टार्ट करा. आणखी एक: तुम्ही एकदाही चुकला नसताना नाव कुलूपबंद होत असेल, तर बाहेरचं कुणीतरी ते नाव वापरून प्रयत्न करतंय. ‘अ‍ॅडमिन’, ‘टॉमकॅट’ ही नावं म्हणूनच ठेवू नयेत.

वापरकर्त्यांची फाइल बदलल्यावर टॉमकॅट रीस्टार्ट करा. नव्या आवृत्त्या बदल आपणहून वाचतात, पण तपासणीच्या वेळी त्यावर विसंबू नका.

४०३: दोन वेगळी कारणं, एकच आकडा

४०३ दिसलं की पहिला प्रश्न एवढाच: आधी नाव-पासवर्डाची चौकट आली होती का? सोसायटीच्या गेटवर वॉचमनने अडवणं वेगळं आणि आत सोडल्यावर वरच्या गच्चीची किल्ली न मिळणं वेगळं, तसं हे आहे. चौकट न येताच थेट ४०३ आलं, तर तुमचा आयपी नाकारला गेला. चौकट आली, पासवर्ड मान्य झाला आणि मग ४०३ आलं, तर तुमच्या नावाला भूमिका नाही.

भूमिकेचं आधी, कारण ते सोपं आहे. टॉमकॅट ७ पासून जुन्या एकाच ‘मॅनेजर’ भूमिकेचे चार भाग आहेत: मॅनेजर-जीयूआय, मॅनेजर-स्क्रिप्ट, मॅनेजर-जेएमएक्स आणि मॅनेजर-स्टेटस. ब्राउझरमधल्या पानासाठी पहिली लागते. जुन्या मार्गदर्शकातून नुसतं ‘मॅनेजर’ उचललं की पासवर्ड चालतो आणि पान मिळत नाही. होस्ट-मॅनेजरसाठी अ‍ॅडमिन-जीयूआय. सगळ्याच भूमिका एका नावाला देऊन मोकळं व्हायचा मोह टाळा. जीयूआयवाल्या नावाला स्क्रिप्ट किंवा जेएमएक्स देऊ नका, असं टॉमकॅटच्या दस्तऐवजातच बजावलेलं आहे, कारण त्याने ब्राउझरच्या पानाला असलेलं एक संरक्षण निकामी होतं. आपोआप डिप्लॉय करणाऱ्या स्क्रिप्टसाठी वेगळं नाव करा.

आयपीचं बंधन हे खरं महत्त्वाचं. मॅनेजर मुळात फक्त त्याच मशीनवरच्या ब्राउझरला उघडतो. मॅनेजरच्या मेटा-इन्फ फोल्डरमधल्या कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये बऱ्याच आवृत्त्यांत ‘रिमोट अ‍ॅड्रेस व्हॉल्व्ह’, म्हणजे आयपी पत्ता बघून आत सोडणारी चाळणी, असतो आणि त्यात १२७ ने सुरू होणारे पत्ते आणि आयपीव्ही६ चा लोकलहोस्ट (स्वतःच्याच मशीनचा पत्ता) तेवढे लिहिलेले असतात. कॉलेजच्या लॅबमधल्या एका जागेवरून उघडायचं असेल तर तो पत्ता इथे वाढवायचा. मूळचे पत्ते काढू नका. आयपीव्ही६ चा भाग उडाला तर ‘लोकलहोस्ट’ लिहिल्यावर ४०३ आणि १२७.०.०.१ लिहिल्यावर पान, असा चक्रावणारा प्रकार दिसतो.

या व्हॉल्व्हमध्ये पत्ता रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे जुळणीचा नमुना, म्हणून लिहितात. प्रत्येक बिंदूआधी उलटी तिरकी रेघ हवी आणि दोन पत्त्यांमध्ये उभी रेघ. स्वल्पविराम चालत नाही. टॉमकॅट ९ आणि पुढच्या आवृत्त्यांत ‘रिमोट सीआयडीआर व्हॉल्व्ह’ही मिळतो, त्यात पत्त्यांचा अख्खा पट्टा १९२.१६८.१०.०/२४ असा सरळ लिहिता येतो, आणि तिथे मात्र स्वल्पविरामच लागतो. शक्य असेल तर हाच वापरा, वाचायला सोपा आणि चुकायला अवघड.

फाइल बदलूनही परिणाम शून्य, असं झालं तर कॉन्फमध्ये कॅटलिना, त्यात लोकलहोस्ट, त्यात मॅनेजर डॉट एक्सएमएल आहे का बघा. ती असली की तिचंच चालतं, मेटा-इन्फमधली फाइल टॉमकॅट बघतसुद्धा नाही. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजातून बसवलेल्या टॉमकॅटमध्ये ती सहसा असते.

आणि कोणता पत्ता वाढवायचा? आपल्या मशीनवर दिसतो तो नव्हे, टॉमकॅटला दिसतो तो. लॉग्ज फोल्डरमधली त्या दिवसाची ‘लोकलहोस्ट अ‍ॅक्सेस लॉग’ उघडा, पान एकदा रिफ्रेश करा आणि शेवटची ओळ वाचा. सुरुवातीला पत्ता, शेवटाकडे ४०३ किंवा ४०१. व्हॉल्व्हमध्ये लिहायचा तो हा.

चालू असलेल्या पानावर मधेच ४०३ आलं तर घाबरू नका. बुकमार्कमधून किंवा मागे जाण्याचं बटण दाबून आलात तर पत्त्यातला संरक्षणाचा सांकेतिक आकडा शिळा झालेला असतो. पत्ता एचटीएमएलपर्यंत ठेवून पुढचं पुसा आणि पुन्हा उघडा.

घरून उघडायचं असेल तर

धायरीला किंवा वाघोलीला घरी बसून कार्यालयातल्या सर्व्हरचं पान हवं असतं. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो, आणि बऱ्याच जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. तो व्हॉल्व्हमध्ये लिहिला तर आज चालेल, उद्या नाही, आणि ज्या दिवशी चालेल त्या दिवशी अनोळखी घरांनाही चालेल.

यावर एसएसएच बोगदा, म्हणजे सर्व्हरवरच्या दूरच्या लॉगिनच्या सुरक्षित जोडणीतून काढलेली वाट, हा माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय आहे. तुमच्या लॅपटॉपवर एसएसएचची कमांड देताना मोठा एल हा पर्याय द्या आणि त्यापुढे ८०८१, कोलन, १२७.०.०.१, कोलन, ८०८० असं लिहून मग नेहमीप्रमाणे नाव आणि सर्व्हर. ती खिडकी उघडी ठेवून लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या ८०८१ वर मॅनेजर उघडा. टॉमकॅटला वाटतं विनंती स्वतःच्याच मशीनवरून आली. व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, फायरवॉलमध्ये ८०८० उघडायचं नाही, आणि पासवर्डही एसएसएचच्या कूटबंदीतून जातो. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण मॅनेजरचं लॉगिन ‘बेसिक’ पद्धतीचं असतं आणि साध्या एचटीटीपीवर तो पासवर्ड वाटेत कुणीही वाचू शकतो. विंडोज १० आणि ११ वर एसएसएच सहसा आधीपासून असतं, पुट्टी या एसएसएचच्या प्रोग्रॅमनेही हेच जमतं.

एनजिनएक्स पुढे असेल तर सावध

टॉमकॅटपुढे त्याच मशीनवर एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या घेऊन टॉमकॅटकडे पाठवणारा वेब सर्व्हर) बसवला असेल तर बाहेरून आलेली प्रत्येक विनंती टॉमकॅटला १२७.०.०.१ वरून आल्यासारखी दिसते. म्हणजे व्हॉल्व्ह जागच्या जागी आहे आणि तरी सगळ्यांना आत सोडतोय. पान उघडत नाही म्हणून तक्रार येते, पण ‘अरे, हे तर कुठूनही उघडतंय’ अशी तक्रार कुणी करत नाही. म्हणून स्वतः तपासा: मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून तुमच्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे मॅनेजर, एचटीएमएल लिहून बघा. पासवर्डाची चौकट आली तर एनजिनएक्समध्ये मॅनेजर आणि होस्ट-मॅनेजरच्या मार्गांना सरळ नकार लिहा. ‘रिमोट आयपी व्हॉल्व्ह’ लावून खरा पत्ता टॉमकॅटपर्यंत पोचवता येतो, पण एनजिनएक्सवरच तोडलेलं बरं.

याच फेरीत ८००९ हे एजेपीचं, म्हणजे पुढचा वेब सर्व्हर आणि टॉमकॅट यांच्या आपसातल्या बोलण्याच्या पद्धतीचं, पोर्टही बघून घ्या. २०२० च्या फेब्रुवारीत उघड झालेली घोस्टकॅट ही त्रुटी याच पोर्टावरून सर्व्हरवरच्या फाइली वाचू देत होती. ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० मध्ये ती बुजवली आणि तेव्हापासून एजेपी मुळात बंद येतं. तुमची आवृत्ती त्याहून जुनी असेल तर मॅनेजरचं पान थोडं बाजूला ठेवा आणि आधी अपग्रेडचं बोला.

पान उघडल्यावर

तपासणीसाठी केलेला ‘टेस्ट’ वापरकर्ता काढून टाका, बंद केलेली फायरवॉल पुन्हा चालू करा, आणि कोणत्या फाइलमधली कोणती ओळ बदलली ते तारखेसह लिहून ठेवा. तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला ते सापडेल अशा जागी. मोठी वॉर फाइल (अख्खं अ‍ॅप्लिकेशन बांधलेली फाइल) चढवताना पान पुन्हा रुसलं तर परवानगीत शोधू नका. मॅनेजरच्या वेब डॉट एक्सएमएलमध्ये मर्यादा ५०  एमबीची असते, तो बाइटमधला आकडा वाढवावा लागतो.

दोन-तीन दिवसांनी अ‍ॅक्सेस लॉग पुन्हा उघडा आणि मॅनेजर शब्द असलेल्या ओळी वेगळ्या काढा. तुमच्या ओळखीच्या पत्त्यांशिवाय दुसऱ्या कुणाच्या नावावर ४०१ च्या रांगा दिसल्या, तर पोर्ट अजून बाहेर उघडं आहे. ते त्याच दिवशी बंद करा आणि पासवर्डही बदला.